सात तटांचे नगर

दिवाळीच्या सुटीत मुलांनी किल्ला करावा आणि मोठ्यांनी त्यात नाक खुपसावे, हा आमच्या घराण्याचा पिढीजात परिपाठ आहे. माझ्या लहानपणी वाड्याच्या चौकात आम्ही दगडविटा रचायचो, जुने पोते चिखलात बुडवून त्यावर पसरायचो, वरून अळीव पेरले की झाला रायगड तयार! आता वाडा गेला आणि चौकही गेला. सोसायटीच्या जिन्याशेजारची चार हात जागा तेवढी उरली आहे. तरी परिपाठ चालू आहे. म्हणून गेल्या वर्षी वसुबारसेच्या आधी आठ दिवस मी नातीला विचारले,

‘‘काय गं, यंदा कोणता गड? प्रतापगड की सिंधुदुर्ग?’’

‘‘मिनास तिरिथ,’’ ती म्हणाली.

‘‘हा कुठल्या तालुक्यात आला?’’

ती इतकी हसली, की तिची आजी स्वयंपाकघरातून झारा घेऊनच बाहेर आली. मग माझ्यापुढे विटेएवढे जाड इंग्रजी पुस्तक आले आणि हुकूम सुटला, ‘‘आजोबा, आधी हे वाचा, मग माती कालवायला या.’’

खरे सांगायचे तर त्या दिवसांत मला ना पुस्तकाचा उत्साह होता, ना मातीचा. नोकरीतून मोकळा झाल्यापासून मला एक वाईट खोड जडली होती. सकाळी डोळा उघडला की हातात फोन घ्यायचा आणि जगात कुठे काय जळते आहे ते पाहत बसायचे. कुठे युद्ध, कुठे महापूर, कुठे भाववाढ! दुपारपर्यंत माझी खात्री होऊन जाई, की या जगाचे आता काही खरे नाही. त्याच तंद्रीत मी पोरीला म्हणून गेलो, ‘‘कशाला एवढा खटाटोप? चार दिवसांनी मोडायचाच ना?’’

तिने माझ्याकडे नुसते पाहिले आणि ती माती चाळू लागली. त्या पाहण्याची मला लाज वाटली, आणि मी चष्मा पुसून पुस्तक उघडले. त्या पुस्तकातल्या किल्ल्याची हकिगत आज सांगायची आहे. किल्ला संपूर्ण काल्पनिक आहे. पण त्याचा वेढा वाचताना मला पुष्कळदा वाटले, की हा गड आपण कुठेतरी पाहिला आहे.

गडाची बांधणी

जे. आर. आर. टॉल्किन हे ऑक्सफर्डचे प्राध्यापक. प्राचीन इंग्रजी भाषा हा त्यांचा विषय. त्यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीचे तीन खंड १९५४ आणि १९५५ साली निघाले. तिसऱ्या खंडात, म्हणजे ‘द रिटर्न ऑफ द किंग’मध्ये, हे नगर आपल्याला भेटते. २००३ साली पीटर जॅक्सन यांनी त्यावर काढलेल्या चित्रपटाला ११ ऑस्कर पारितोषिके मिळाली. घरोघरच्या मुलांना मिनास तिरिथ ठाऊक आहे ते बहुधा त्या चित्रपटामुळे. पण बांधणी समजून घ्यायची, तर पुस्तकच हाती घ्यावे लागते.

मिनास तिरिथ म्हणजे पहाऱ्याचा बुरूज. गोंडोर नावाच्या जुन्या राज्याची ही राजधानी. एका उंच पर्वतापासून पुढे आलेल्या डोंगरावर ती सात टप्प्यांत चढत गेली आहे. प्रत्येक टप्प्याला स्वतंत्र तट आणि प्रत्येक तटाला स्वतंत्र दरवाजा. हे दरवाजे एकासमोर एक नाहीत. सर्वांत खालचा महादरवाजा पूर्वेला. त्याच्या वरचा थोडा दक्षिणेकडे सरकलेला, तिसरा उत्तरेकडे, चौथा पुन्हा दक्षिणेकडे. वर जाणारी वाट अशी नागमोडी वळत, डोंगराचा माथा गाठते. मध्येच जहाजाच्या नाळेसारखा खडकाचा एक प्रचंड सुळका पुढे आला आहे आणि वाटेला तो दरवेळी बोगद्यातून ओलांडावा लागतो. सातव्या टप्प्यावर बालेकिल्ला. त्याचा कठडा महादरवाजापासून ७०० फूट उंच, आणि त्यावर ३०० फुटांचा पांढरा मनोरा!

हे वाचल्यावर मी लगेच कागद घेऊन नकाशा काढला. किल्ल्याचे वेड असलेल्या मराठी माणसाला हे सगळे ओळखीचे वाटते. एक दरवाजा पडला तरी शत्रूला पुढचा शोधत तटाखालून जावे लागावे आणि वरून त्याच्यावर मारा करता यावा, ही युक्ती आपल्या दुर्गांतही आहे. मात्र एका गोष्टीवर मी नातीशी वाद घातला.

‘‘तुझ्या या गडाचा महादरवाजा थेट मैदानाकडे तोंड करून उभा आहे. आमच्या हिरोजी इंदुलकरांनी असा दरवाजा ठेवला नसता. रायगडाचा महादरवाजा बघ. दोन बुरुजांच्या कुशीत असा दडवलाय, की अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही. धडक द्यायला समोर मोकळी जागाच नाही.’’

‘‘पण याचा पहिला तट कशानेच फुटत नाही,’’ ती म्हणाली. ‘‘लोखंडानं नाही, आगीनं नाही.’’

‘‘तट फुटत नसेल. पण दरवाजा तो दरवाजाच!’’

पुढे काय होणार हे तिला माहीत होते. ती गप्प बसली.

रिकामी घरे, रिकामे सिंहासन

या नगराचे शत्रू म्हणजे मूर्तिमंत राक्षससेना. पूर्वेच्या डोंगरांपलीकडे मॉर्डोर नावाचा काळा मुलूख आहे. तिथला अधिपती सॉरॉन हा मुळात दिव्य योनीतला, पण सत्तेच्या लोभाने भ्रष्ट झालेला. ऑर्क नावाच्या राक्षसांच्या झुंडी त्याच्या पदरी आहेत. त्याचे नऊ सरदार तर याहून भयंकर. ते एके काळी माणसे होते. सॉरॉनने दिलेल्या अंगठ्यांच्या मोहात सापडून ते ना जिवंत ना मेलेले, असे पिशाच होऊन बसले. आपल्या पुराणातले पुष्कळ असुर तपाने मोठे होतात आणि वराने उन्मत्त होतात. इथे वराच्या जागी अंगठी आहे, एवढेच.

परंतु मला चटका लावून गेली ती शत्रूची शक्ती नव्हे, तर नगराची स्थिती. पिपिन नावाचा एक हॉबिट, म्हणजे जेमतेम तीन-चार फूट उंचीच्या जमातीतला एक तरुण, या गडावर प्रथमच येतो. त्याला काय दिसते? मोठमोठ्या हवेल्या, कमानींवर जुन्या घराण्यांची नावे कोरलेली, आणि आत कोणी नाही. जितकी माणसे सुखाने राहू शकली असती, त्यांच्या निम्मीही आता उरलेली नाहीत. बालेकिल्ल्याच्या अंगणात कारंजे आहे आणि त्याच्या काठी एक पांढरे झाड, तेही वठलेले.

नदीपलीकडे या नगराची जुळी बहीण होती. एक सूर्याचा बुरूज, दुसरा चंद्राचा. चंद्राचा बुरूज त्या नऊ पिशाचांनी घेतला आणि तिथेच ठाणे मांडले. म्हणजे शत्रू राहतो तो आपल्याच जुन्या घरात!

आणि राजा? राजा नाहीच. शेवटचा राजा पिशाचांच्या म्होरक्याचे आव्हान स्वीकारून गेला तो परतलाच नाही. त्याला साडेनऊशेहून अधिक वर्षे झाली. तेव्हापासून राज्य चालवतात ते कारभारी. सिंहासन उंचावर रिकामे, आणि खालच्या पायरीवरच्या साध्या काळ्या आसनावर हातात पांढरी काठी घेऊन बसलेला कारभारी, अशी तिथली व्यवस्था. त्या वेळचा कारभारी डेनेथॉर हा त्या मालिकेतला सव्विसावा.

इथे मला नंदिग्रामचा भरत आठवला नसता तरच नवल. पादुका सिंहासनावर ठेवून चौदा वर्षे राज्य सांभाळणारा भरत आपल्याला ठाऊक आहे. पण चौदा वर्षांच्या जागी साडेनऊशे वर्षे गेली असती तर? भरताच्या पंचविसाव्या वंशजाला त्या पादुका कोणाच्या हे आठवले असते का? डेनेथॉरच्या थोरल्या मुलाने लहानपणी नेमके हेच विचारले होते: राजा येत नसेल तर किती शतकांनी कारभाऱ्याला राजा होता येते? बाप म्हणाला, दुसरीकडे थोड्या वर्षांत होत असेल. इथे दहा हजार वर्षेही पुरायची नाहीत. उत्तर बाणेदार आहे. पण ते सांगणाऱ्याचे मन त्या उत्तराइतके निर्मळ राहिले नव्हते.

वेढा

वेढ्याची तयारी टॉल्किन यांनी मोठ्या बारकाईने लिहिली आहे. म्हातारी माणसे, बायका आणि मुले गाड्यांत बसवून दूर दक्षिणेला पाठवतात. निरोप पोचवायला थोडी मुले मागे राहतात, आणि शुश्रूषागृहात काही बायका. आसपासच्या परगण्यांतून कुमक यायची असते. लोक तटावर उभे राहून येणारी पथके मोजतात. कुठल्या खोऱ्यातून दोनशे, कुठून त्याहून थोडे अधिक. सगळे मिळून तीन हजारही भरत नाहीत. कारण समुद्रकाठच्या परगण्यांवर चाच्यांचे आरमार चालून आलेले असते. आपले घर जळत असताना दुसऱ्याच्या तटावर कोण जाणार? हे वाचताना मला १४५३ साल आठवले. कॉन्स्टँटिनोपलच्या अवाढव्य तटांवर उभे राहायला तेव्हा सुमारे सात हजारच लोक होते. स्वतः टॉल्किन यांनीही एका पत्रात गोंडोरला त्या जुन्या, अभिमानी आणि खंगत चाललेल्या साम्राज्याची उपमा दिली आहे.

मग एके दिवशी सूर्यच उगवत नाही. मॉर्डोरमधून निघालेला काळा धूर आकाश झाकून टाकतो. पुढे शत्रू मैदानाभोवतालची भिंत फोडतो, खंदक खणून त्यांत आग पेटवतो. त्याच्या यंत्रांतून पेटते गोळे येतात, आणि आधी पडलेल्या सैनिकांची मस्तकेही येतात. तटावरचे लोक ओळखीचे चेहरे पाहून रडतात. वरून पंखांच्या जनावरांवर बसलेली ती पिशाचे किंकाळ्या फोडत फिरतात. त्या किंकाळीने कोणी मरत नाही, पण ऐकणाऱ्याच्या हातातले शस्त्र गळून पडते आणि पळावे, लपावे, मरावे, एवढेच मनात येते.

हे मला फार महत्त्वाचे वाटले. अभेद्य तटाला शत्रू हातही लावत नाही. तो तटावरच्या मनाला सुरुंग लावतो. दरवाजाची पाळी शेवटी येते. शंभर फूट लांबीचा, लांडग्याच्या तोंडाचा ओंडका राक्षसी जनावरे ओढत आणतात, आणि तिसऱ्या धडकेला महादरवाजा फुटतो. ‘‘सांगत होतो!’’ असे मी त्या ठिकाणी मोठ्याने म्हणालो, पण त्यात आनंद नव्हता.

फुटलेल्या दरवाजातून पिशाचांचा म्होरक्या आत येतो. सगळे पळतात. समोर एकटा गँडाल्फ, पांढऱ्या घोड्यावर बसलेला वृद्ध जादूगार. त्याच क्षणी गावात कुठेतरी एक कोंबडा आरवतो. युद्धाशी त्याला काय करायचे? पहाट झाली, हे त्याला कळले. आणि त्याच्या पाठोपाठ उत्तरेकडून शिंगांचे आवाज येतात. रोहानचा वृद्ध राजा सहा हजार स्वार घेऊन मित्रासाठी धावून आलेला असतो.

त्या म्होरक्याला एक अभय होते. पुरुषाच्या हातून तो पडणार नाही, असे भाकीत. दिवाळी अंकाच्या वाचकांना पुढचे सांगायला नकोच. महिषासुरालाही पुरुषाकडून मरण नव्हते. आणि नरकासुराच्या कथेत तर सत्यभामा रणात उतरते, असे आपण आजीच्या तोंडून ऐकत आलो आहोत. इथे रोहानच्या राजाची भाची एओविन शिपायाचा वेश करून आलेली असते. ती आणि तिच्याबरोबरचा एक चिमुकला हॉबिट मिळून त्या पिशाचाचा अंत करतात. वराला नेहमीच एक फट राहते, आणि त्या फटीतून आत येतात ती ज्यांना कोणी हिशेबात धरले नव्हते अशीच माणसे.

किल्लेदाराचे मन

खाली ही लढाई चालू असताना वर बालेकिल्ल्यात काय चालले होते? सगळ्या कादंबरीत मला सर्वांत भीषण वाटला तो हा भाग.

डेनेथॉरपाशी एक स्फटिकाचा गोळा असतो, पालान्तीर नावाचा. त्यात दूरचे दिसते. राज्याच्या रक्षणासाठी काय चालले आहे ते कळावे, म्हणून तो मनोऱ्यात एकटा बसून त्यात पाहतो. तसाच दुसरा गोळा सॉरॉनच्या हाती पडलेला असतो. सॉरॉन त्या गोळ्याला खोटे बोलायला लावू शकत नाही. पण काय दिसावे, हे मात्र बरेचसे तो ठरवतो. डेनेथॉरला दिसतात ती शत्रूची अगणित सैन्ये, शस्त्रांचे ढीग, आणि शेवटी नदीतून वर येणारी काळ्या शिडांची जहाजे. थोरला मुलगा आधीच गेलेला, धाकटा फॅरामिर जखमी होऊन तापात पडलेला. डेनेथॉर ठरवतो की संपले. तो चिता रचायला सांगतो आणि जिवंत मुलालाही तिच्यावर ठेवायला निघतो.

‘‘आजोबा,’’ नातीने मला विचारले, ‘‘त्याने पाहिलं ते सगळं खरंच होतं ना? मग तो चुकला कुठे?’’

मी त्या रात्री बराच वेळ जागा होतो. प्रश्न डेनेथॉरचा होता आणि माझाही होता. कारण तसला एक गोळा माझ्याही उशाशी ठेवलेला होता. तोही खोटे बोलत नव्हता. युद्धे खरी होती, पूर खरे होते. पण दिवसभर काय दिसावे ते मी ठरवत नव्हतो.

जहाजे खरी होती. काळी शिडे खरी होती. पण जहाजांवर कोण आहे, हे गोळ्यात दिसले नव्हते. चाच्यांचा पराभव करून त्यांचीच जहाजे घेऊन येत होता तो अ‍ॅरागॉर्न, गोंडोरचा खरा वारस. चित्रपटात त्या जहाजांतून भुतांची सेना उतरते. पुस्तकात मात्र उतरतात ती त्याच्या सोबत्यांबरोबर दक्षिणेच्या परगण्यांतली जिवंत माणसे. घराची काळजी मिटल्याबरोबर राजधानीकडे धावलेली. डेनेथॉरला दिसले संकट. आणि त्यात बसून मदत येत होती.

दुसरी चूक याहून खोल आहे. हे नगर आपले आहे, ते आपल्या हयातीत होते तसेच राहावे, नाहीतर काहीच राहू नये, असे त्याला वाटू लागले होते. गँडाल्फ त्याला सांगतो, की मीही एक कारभारीच आहे. या रात्रीतून जे काही चांगले वाचेल आणि पुन्हा फुलेल, त्यासाठी मी झटतो. डेनेथॉर हे विसरला होता. निराश होण्याचा अधिकार एखाद्या वेळी मालकाला असेल. विश्वस्ताला तो नाही. पादुका सांभाळणाऱ्याने ‘आता काही उरले नाही’ असे परस्पर ठरवायचे नसते. त्याने दिवा तेवता ठेवायचा असतो.

आणि दिवा कोणी तेवता ठेवला? बेरेगॉन्ड नावाच्या एका साध्या पहारेकऱ्याने. फॅरामिरला जिवंत जाळणार हे कळताच तो आपली जागा सोडून धावला आणि गँडाल्फ येईपर्यंत दारात तलवार घेऊन उभा राहिला. त्या झटापटीत त्याच्या हातून आपलीच माणसे पडली. कायद्याने त्याला देहदंडच होता. पुढे राजा झाल्यावर अ‍ॅरागॉर्न त्याचा न्याय करतो तो असा: तुला हे नगर सोडावे लागेल, कारण फॅरामिरच्या अंगरक्षकांचा नायक म्हणून तुला त्याच्याबरोबर जायचे आहे!

तरीही मिनास तिरिथच्या तटावर युद्ध जिंकले जात नाही, हेही सांगितले पाहिजे. खरे काम दूर शत्रूच्या मुलखात दोन दमलेले हॉबिट करत असतात. सॉरॉनची अंगठी नष्ट होते ती या लढाईनंतर दहा दिवसांनी. नगराचे काम एवढेच, की तोवर टिकून राहायचे. मराठीत याला सुंदर शब्द आहे: खिंड लढवणे. १६६० साली बाजीप्रभूंनी घोडखिंडीत जे केले, ते हेच. महाराज विशाळगडावर पोचल्याची तोफ ऐकू येईपर्यंत थांबायचे.

लिहिणाऱ्याचे युद्ध

इतका वेढा नुसत्या कल्पनेने लिहिता येत नाही. टॉल्किन १९१६ साली सॉमच्या लढाईत होते. खंदकातल्या तापाने आजारी होऊन परतले, म्हणून वाचले. पहिले महायुद्ध संपेपर्यंत त्यांच्या जिवलग मित्रांपैकी एकच जिवंत राहिला होता. ही कादंबरी त्यांनी १९३७च्या डिसेंबरात सुरू केली, आणि तिचा मोठा भाग दुसऱ्या महायुद्धाच्या सावटाखाली लिहिला. गोंडोरच्या डोंगरांवर इशाऱ्याच्या आगी पेटतात, तिथवर येऊन त्यांची लेखणी थांबली, पुढचे दिसेना. १९४४ साली ते दुसऱ्या धाग्यातली प्रकरणे लिहून दक्षिण आफ्रिकेत विमानदलात असलेल्या मुलाला, क्रिस्टोफरला, हप्त्याहप्त्याने पाठवत होते. गड वेढ्यात, आणि लिहिणाऱ्याचा मुलगा युद्धात! मात्र ही कादंबरी म्हणजे त्या महायुद्धाचे रूपक नव्हे, असे त्यांनी पुढे स्पष्टपणे लिहिले. वाचकाने तिच्यात आपला अनुभव पाहावा, ही मोकळीक त्यांनी ठेवली.

आणखी एक गोष्ट त्यांच्याकडून शिकावी. राक्षसांची कथा सांगताना सगळ्याच शत्रूंना राक्षस म्हणण्याचा मोह होतो. पण सॉरॉनच्या बाजूने लढताना पडलेला दक्षिणेचा एक सैनिक सॅम नावाच्या हॉबिटला दिसतो, तेव्हा सॅमच्या मनात येते, याचे नाव काय असेल? हा खरोखर दुष्ट होता, की कोणत्या थापांनी किंवा धाकाने याला घरापासून इतक्या दूर आणले? आपल्याकडेही बळी असुरच. पण पाडव्याला त्याचे राज्य यावे म्हणून आपण प्रार्थना करतो. तटाच्या बाहेर उभा असलेला प्रत्येक जण नरकासुर नसतो.

पाडवा

आमचा मिनास तिरिथ सात तटांसह उभा राहिला. अळीव पेरले. वठलेल्या झाडासाठी पेरूची वाळकी काडी रोवली. आणि मग युद्ध पेटले ते घरातच. नातीने सिंहासन रिकामे ठेवले होते.

‘‘महाराजांशिवाय किल्ला?’’ आजी कडाडली. ‘‘असला किल्ला माझ्या दारात नको!’’

‘‘आजी, राजा यायचाय अजून.’’

‘‘आमचा राजा कुठे गेलेला नाही. तो गडावरच असतो!’’

शेवटी तह झाला. पाडव्यापर्यंत सिंहासन रिकामे ठेवावे, त्यावर मातीच्या पादुका ठेवाव्यात आणि पाडव्याला महाराजांची मूर्ती बसवावी. भरताचे नाव काढल्यावर आजीने शस्त्र खाली ठेवले.

नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री अवेळी पाऊस आला. मी अंथरुणात पडल्या पडल्या फोनवर ढगांचे चित्र पाहत होतो. आमच्याच डोक्यावर गडद डाग होता. गेला किल्ला, असे मी मनाशी म्हटले आणि कूस बदलली. मग डेनेथॉर आठवला. उठलो, छत्री घेतली आणि खाली गेलो.

किल्ल्यावर ताडपत्री होती. चारही कोपऱ्यांवर विटा. बाजूला आमचा पहारेकरी ओलाचिंब उभा होता. फाटक सोडून आला होता.

‘‘पोरांनी लई मेहनत केलीय, साहेब,’’ तो ओशाळून म्हणाला.

ढगांचे चित्र खरे होते. फक्त त्यात हा माणूस दिसत नव्हता. फाटक सोडल्याबद्दल त्याला काय बोलायचे? मी अ‍ॅरागॉर्नचाच न्याय केला, आणि सकाळी अभ्यंगस्नानानंतर फराळाचे पहिले ताट खाली त्याच्याकडे गेले.

पाडव्याला महाराज सिंहासनावर बसले. वठलेल्या झाडाची पुढची गोष्ट नातीने मला तेव्हा सांगितली. राज्याभिषेकानंतर अ‍ॅरागॉर्नला डोंगरावर बर्फाच्या कडेला त्याच जातीचे एक कोवळे रोप सापडते. ते तो कारंज्याकाठी लावतो, आणि जुने झाड फेकून न देता सन्मानाने पूर्वजांच्या शेजारी ठेवतो. आमची काडी पेरूची. तिला काही पालवी फुटली नाही. पण तिच्या बुडाशी अळीव चांगले बोटभर वर आले होते.

‘‘आता मोडायचा का हो, आजोबा?’’ भाऊबीज झाल्यावर तिने विचारले.

‘‘राहू दे थोडे दिवस,’’ मी म्हणालो. ‘‘पाणी मी घालीन.’’